ओरखोनच्या काठावरचे विधिनिषेध

मंगोलियातली ओरखोन नदी हाकेच्या अंतरावर होती, तरी आमच्या यजमानांच्या घरची सून भांडी घासायला तिकडे फिरकत नव्हती. कॅनमध्ये पाणी भरून आणायची, काठापासून लांब बसून भांडी विसळायची आणि खरकटं पाणी गवतावर ओतून द्यायची. वाहत्या पाण्यात कपडे धुणं, थुंकणं, लघवी करणं हे काहीच इथे चालत नाही. दुधाचा किंवा रक्ताचा तर थेंबही नदीत पडता कामा नये.

आमच्यातल्या एका इंजिनियरला लगेच शास्त्रीय कारण सापडलं : कोरडा मुलूख, प्यायचं पाणी एकच, ते नासू नये म्हणून पूर्वजांनी केलेली युक्ती. गाइडने हे भाषांतर करून सांगितल्यावर सून हसली. पाण्याचे राखणदार असतात, त्यांना लुस म्हणतात, ते चिडले की माणसं नाहीतर जनावरं आजारी पडतात, एवढंच ती म्हणाली. मला तिचं उत्तर जास्त पटलं. रूढी दिसली की तिच्यामागचं विज्ञान हुडकायची आपली खोड मला कंटाळवाणी वाटते. कारण असेलही, पण ही माणसं नियम पाळतात ते नदीची भीड वाटते म्हणून.

त्यांचं घर म्हणजे गेर, लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू. दार दक्षिणेला, समोर उत्तरेला मानाची जागा. आत शिरलं की डावीकडून वळायचं, मधल्या दोन खांबांमधून जायचं नाही, शीळ घालायची नाही. उंबऱ्यावर पाय तर अजिबात नको. 1254 साली फ्रान्सिस्कन साधू रुब्रुकचा विल्यम मंगोल सम्राट मोंगके खानाच्या दरबारी होता. बाहेर पडताना त्याचा सोबती उंबऱ्याला अडखळला आणि तिथल्या तिथे धरला गेला. नियम कुणी सांगितलाच नव्हता म्हणून सुटला, पण खानाच्या घरात पुन्हा पाऊल टाकायची त्याला बंदी झाली.

चुलीत वाळलेल्या शेणाचा जाळ असतो. त्यात कचरा टाकायचा नाही, पाणी ओतायचं नाही, सुरीचं टोक त्याच्याकडे करायचं नाही, पाय पसरून बसायचं नाही. सकाळचा पहिला चहा, दूध आणि मीठ घातलेला, घरातलं कुणी पिण्याआधी आजी बाहेर घेऊन जायची. नऊ खळग्यांचा एक लाकडी चमचा असतो, त्साट्साल. तो बुडवून तिने आभाळाकडे आणि चारी दिशांना शिंतोडे उडवले. एकीकडे कुत्र्याला दटावणंही चालूच होतं.

मेंढी कापताना मात्र मी मुद्दाम जवळ उभा राहिलो. उताणी धरून छातीखाली बोटभर चीर दिली, मालकाने आत हात घालून मुख्य रक्तवाहिनी तोडली आणि दोन-चार मिनिटांत सगळं संपलं. जमिनीवर रक्ताचा एक डाग नाही. आत साठलेलं रक्त बायकांनी वाडग्याने काढून आतड्यांत भरलं. त्याच कळपात एक घोडा होता, मानेला रंगीत फिती बांधलेला. आपल्याकडे देवाला सोडलेला पोळ असतो तसा तो : कापायचा नाही, विकायचा नाही.

खिंडीखिंडीत ओवो लागतात, दगडांच्या राशी, त्यांवर निळ्या रेशमी पट्ट्या. तीन प्रदक्षिणा घालायच्या, प्रत्येक फेरीला एक दगड टाकायचा. कम्युनिस्ट राजवटीत ही पूजा दडपली गेली होती. 1990 नंतर ती उघडपणे परतली, आणि 1995 मध्ये तर राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने बोग्द खान, बुरखान खाल्दुन आणि ओत्गोनतेंगेर या पर्वतांची सरकारी पूजा पुन्हा सुरू झाली. बुरखान खाल्दुन 2015 पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण बायकांना त्यावर चढायला आजही मनाई. आमच्या गटातल्या दोघींना हे रुचलं नाही, मलाही नाही. निसर्गपूजेचं कौतुक करताना हा भाग लोक हळूच वगळतात. ओवोभोवती पडलेल्या व्होडकाच्या रिकाम्या बाटल्यांचंही तेच.

आमचा ड्रायव्हर प्रत्येक ओवोपाशी उतरायचाच असं नाही. पाऊस असला, नाहीतर पुढच्या गावचा पेट्रोल पंप बंद व्हायची वेळ झाली, की तो ओवोला तीन हॉर्न देऊन पुढे निघायचा.