बादली वर आली ती डाव्या हातानं

अर्धांगवायूनंतर हात पुन्हा कामाला लावायचा तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि कंटाळा येतो तो तिथंच. पुण्यात आम्ही स्टिअरिंगसारखं फिरवायचं थेरपीचं यंत्र करायला घेतलं ते यासाठी. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि पालो आल्टोच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या मंडळींनी असं यंत्र आधीच केलं होतं, नाव 'ड्रायव्हर्स सीट'. त्याचं चाक दुभागलेलं, म्हणून कुठल्या हातानं किती जोर लावला ते वेगवेगळं कळतं. मला ही युक्ती फार मोलाची वाटते. नाहीतर चांगला हात सगळं काम उरकतो आणि गेलेला हात नुसता चाकावर पडून राहतो.

सर्वांत जास्त वेळ गेला मोटरवर. तिनं जास्त मदत केली की पेशंट हात सैल सोडतो. कमी केली की चाक हलत नाही आणि चेहरा पडतो. शेवटी असं ठेवलं, की आधी पेशंटनं जोर लावायचा, हात अडला तरच मोटर येणार, आणि जमायला लागलं की हळूहळू मागे हटणार.

पडद्यावर गाड्यांची शर्यत होती. साताऱ्याकडच्या एक काकू म्हणाल्या, "मला कुठं गाडी चालवायचीय?" मग काय आवडेल ते त्यांनाच विचारलं. माहेरच्या विहिरीचा रहाट निघाला. चाक फिरलं की बादली वर, डावा हात ढिला पडला की बादली खाली. काकू अख्खं अंग झुकवून ओढायच्या, म्हणून थेरपिस्ट मॅडमनी छातीला पट्टा बांधला. बादली अर्ध्यावर अडली. डाव्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. मी मोटरची मदत वाढवायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे रे, येतीय."

बादली काठाला लागली तेव्हा मॅडमच टाळ्या वाजवत होत्या.

नुसतं यंत्र आणून भागत नाही, हे मी प्रत्येक दवाखान्यात सांगतो. अमेरिकेतल्या एमआयटीत घडलेला मॅनस हा या क्षेत्रातला नावाजलेला रोबो. ब्रिटनमध्ये 770 पेशंटवर त्याची चाचणी झाली. 2019 मध्ये निकाल आला, तेव्हा हाताच्या कामात नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारणा दिसली नाही. म्हणून यंत्रानंतर मॅडम लगेच खरा तांब्या, खरी कडी हातात देतात.

आता खेळात तांब्या, कळशी, बादली असं चढतं वजन आहे. आज काय ओढायचं ते पेशंटनंच ठरवायचं.