व्हिडिओ कुठे, पान कुठे, सराव कुठे

शेतकऱ्यांसाठी ऑनलाइन धडे करताना काय व्हिडिओत दाखवायचं, काय पानावर लिहायचं आणि कशाचा सराव घ्यायचा, ते आधी ठरवावं. ठिबकला व्हेंच्युरी (पाण्यासोबत विरघळलेलं खत ओढून घेणारी नळी) बसवायचा व्हिडिओ पाहून रावेर-यावलकडे केळीच्या बागेत जोडणी होते, पण खत ओढलंच जात नाही. व्हिडिओत हात मेन लाइनचा व्हॉल्व्ह फिरवताना दिसतो, किती फिरवला ते कळत नाही. व्हेंच्युरी चालते दाबाच्या फरकावर. आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या दाबात साधारण 20 टक्के तरी फरक लागतो, आणि तो गेजवरच कळतो. म्हणून जोडणीपुरता तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ, आणि पुढे गेजचा फोटो व खाली आकडे असलेलं पान. ओल्या हाताने व्हिडिओ मागेपुढे कोण ओढणार? लांबीचंही तेच. एडेक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर व्हिडिओ पाहण्याच्या 69 लाख सत्रांच्या 2014च्या अभ्यासात दिसलं, की व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत.

हिशोब मात्र व्हिडिओने येत नाही, त्याला सरावच लागतो. युरियात नत्र 46 टक्के. 10 किलो नत्र द्यायचं तर 10 ला 0.46 ने भागायचं: 21.7, म्हणजे पावणेबावीस किलो युरिया. सरावाच्या प्रश्नाच्या पर्यायांत 4.6 हवंच, कारण गुणाकार करणारा नेमका तिथे पोचतो. त्याने ते निवडलं की नुसतं ‘चूक’ म्हणू नये. ‘गुणलंत, भागायचं होतं’ असं दाखवावं. बहुतेक साइट इथेच आळस करतात.

स्वयम्-एनपीटीईएलसारखे (सरकारी ऑनलाइन) आठवड्या-आठवड्याने चालणारे कोर्स शिस्त लावतात. 12 आठवड्यांच्या कोर्सात उत्तम 8 असाइनमेंटची सरासरी 25 गुणांना, केंद्रावरची परीक्षा 75 गुणांना. शेवटची तारीख हुकली की ती असाइनमेंट गेली. कॉलेजच्या पोरांना हे बरं, कापूस वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्याला नाही.

लाइव्ह क्लासचं कौतुक मला जरा जास्तच वाटतं. शेताची थ्री फेज लाइट रात्रपाळीला असली की आठच्या क्लासला बसणार कोण? लाइव्ह ठेवायचंच तर फक्त शंकांसाठी, अर्धा तास. प्रश्न आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मागवून. अहिराणीत आले तर अहिराणीतच उत्तर द्यावं. रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढवताना वर्णनात प्रत्येक शंकेची वेळ लिहावी. पहिली वेळ 00:00 नसेल, एकूण तीनपेक्षा कमी असतील किंवा एखादा भाग 10 सेकंदांहून लहान असेल, तर यूट्यूबवर व्हिडिओचे वेगवेगळे भाग पडत नाहीत, आणि बघणारा पूर्ण अर्धा तास चाळत बसतो.