राणीच्या नवऱ्याचं गाऱ्हाणं

ऑगस्ट २०१७ मध्ये डेन्मार्कच्या राजवाड्याने जाहीर केलं की राणीचे पती प्रिन्स हेन्रिक यांना मरणानंतर राणीशेजारी जागा नको आहे. इथले राजे-राण्या शतकानुशतकं रॉस्किलच्या कॅथेड्रलमध्ये विसावतात. मार्ग्रेथे राणीने तिथे दोघांसाठी समाधी आधीच करायला दिली होती. ब्यॉर्न नॉरगॉर या शिल्पकाराने वर्षानुवर्षं खपून केलेलं ते काम आहे. काचेत दोघांच्या आकृत्या आणि खाली खांब, ते फेरो बेटांच्या बेसॉल्टचे, ग्रीनलंडच्या संगमरवराचे, बॉर्नहोमच्या ग्रॅनाइटचे. खांबांच्या माथ्यावर चांदीच्या हत्तींची मस्तकं. एवढं सगळं तयार होत आलं असताना नवरा म्हणतो, मी तिथे येणार नाही. जिवंतपणी मला बायकोच्या बरोबरीचा मान दिला नाही, राजा म्हटलं नाही, मग मेल्यावर बरोबरीने झोपवायचं कशाला?

मी तेव्हा ऑर्हुसमधल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होतो. राईच्या पावाचे काप करता करता सगळे त्या बातमीवर हसत होते. म्हातारा पुन्हा रुसला, असा एकूण सूर. वय वर्षं त्र्याऐंशी, राजवाड्यात राहणं, फ्रान्समध्ये स्वतःचा द्राक्षमळा, आणि तक्रार कसली, तर बिरुदाची! मी त्या हसण्यात सामील झालो नाही. डॅनिश लोकांचा विनोद मला उशिरा कळतो, असं त्यांनी गृहीत धरलं असावं.

मी या देशात आलो तो बायकोबरोबर. तिला इथे पवनचक्क्यांच्या पात्यांचं डिझाइन करायची नोकरी लागली आणि कऱ्हाडच्या एमआयडीसीतलं फाउंड्रीतलं काम सोडून मी तिच्यामागे आलो. परवान्याच्या कागदावर माझा उल्लेख होता ‘सोबत आलेला जोडीदार’. आईला शेजारपाजारचे विचारायचे, तेव्हा ती फोनवर मला विचारायची, “लोक इचारत्यात, पोरगा तिकडं काय करतो म्हणून. काय सांगू?” चुलते तर सरळ घरजावई म्हणून मोकळे झाले. आता ज्या घराचं भाडं दोघं मिळून भरतो त्यात घरजावई कुठून आला, पण ते असो. सांगायचं एवढंच की हेन्रिक यांच्या बातम्या मी इतरांपेक्षा जरा जास्त मन लावून वाचत होतो.

हेन्रिक मूळचे फ्रेंच. आंरी द लाबोर्द द माँपेझा. जन्म १९३४ चा, बोर्दोजवळचा. लहानपणीची काही वर्षं हानोईत गेली, पुढे पॅरिसमध्ये कायदा आणि राज्यशास्त्र शिकले, चिनी आणि व्हिएतनामी भाषाही शिकले. साठच्या दशकात लंडनच्या फ्रेंच वकिलातीत नोकरी करत असताना तिथे शिकायला आलेल्या डॅनिश राजकन्येशी ओळख झाली. १० जून १९६७ रोजी कोपनहेगनच्या होल्मेन्स चर्चमध्ये लग्न. या लग्नासाठी त्यांनी फ्रेंच वकिलातीतली नोकरी सोडली, कॅथलिक पंथ सोडून लुथेरन झाले, नावही ‘आंरी’चं ‘हेन्रिक’ झालं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती. तांदळात नवं नाव काढायचं आणि बाईने उरलेलं आयुष्य त्या नावाला ओ द्यायची. एका पुरुषाच्या बाबतीत ते झालेलं मी पहिल्यांदाच वाचलं.

१४ जानेवारी १९७२ रोजी सासरे, म्हणजे नववे फ्रेडरिक वारले आणि मार्ग्रेथे राणी झाल्या. डेन्मार्कमध्ये बाईला गादीवर बसता यावं म्हणून १९५३ मध्ये कायदा बदलला होता, तोही सार्वमत घेऊन. त्यामुळे राज्य करणाऱ्या राणीच्या नवऱ्याला काय म्हणायचं, त्याने कुठे उभं राहायचं, पैसे कुणाकडून घ्यायचे, याचा कुठलाही नमुना समोर नव्हता. बायको ‘हर मॅजेस्टी’ झाली. नवरा होता तिथेच राहिला, ‘हिज रॉयल हायनेस’. राजघराण्यांच्या हिशेबात ही दोन बिरुदं म्हणजे दोन वेगळे मजले आहेत.

पैशाचं तर फारच लागट होतं. त्यांच्या नावावर सरकारी तनखा वेगळा नव्हता, बायकोकडे खिशाला पैसे मागावे लागतात असं ते ऐंशीच्या दशकात जाहीर बोलले. लोक हसले, पण राणीच्या तनख्यातला एक वाटा पुढे त्यांच्या नावाने बाजूला ठेवला गेला. मी आलो तेव्हा सुरुवातीचे महिने बायकोच्या कार्डावर काढले आहेत. सुपरमार्केटच्या काउंटरवर ते कार्ड पुढे करताना मनात काय होतं, हे मी हेन्रिक यांच्यावर सोडून देतो, त्यांनी माझ्यापेक्षा नीट सांगितलंय.

भाषेवरूनही त्यांची टर आयुष्यभर उडवली. पन्नास वर्षं इथे काढून त्यांच्या डॅनिशमधून फ्रेंच गेली नाही. आमच्या भाषावर्गातल्या बाई परदेशी विद्यार्थ्याचा धीर सुटला की हेन्रिक यांचं उदाहरण द्यायच्या. ‘रोडग्रोड मेड फ्लोडे’, म्हणजे लाल फळांच्या खिरीवर साय, हे तीन शब्द नीट म्हणता आले तर तुम्ही डॅनिश, अशी इथली जुनी गंमत आहे. त्यातला मऊ ‘ड’ जिभेच्या कुठल्या कोपऱ्यातून काढतात ते मला अजून उमगलेलं नाही. हेन्रिक यांनाही उमगलं नसावं. बाकी माणूस उद्योगी. कविता करत, शिल्पं घडवत, वाइन बनवत. राणीबरोबर टोपणनावाने एका फ्रेंच कादंबरीचं डॅनिश भाषांतरही केलं. आणि डॅशहुंड जातीच्या कुत्र्यांच्या संघाचे मानद अध्यक्ष असताना, आपल्याला कुत्र्याचं मांस आवडतं असं मुलाखतीत सांगून बसले. अशा माणसाची बाजू घेणं सोपं नसतं, हे कबूल.

मोठा स्फोट झाला २००२ मध्ये. नव्या वर्षाच्या दरबारी स्वागताला राणी दुखापतीमुळे नव्हत्या. पाहुण्यांचं स्वागत करायला उभे केले युवराज फ्रेडरिक, नवरा नाही. हेन्रिक उठून फ्रान्समधल्या आपल्या वाड्यावर निघून गेले आणि तिथून एका डॅनिश वर्तमानपत्राला सांगितलं की इतकी वर्षं मी या देशात दुसऱ्या क्रमांकावर होतो, आता मला तिसऱ्यावर ढकललं जातंय. राणी आणि युवराज समजूत घालायला फ्रान्सला धावले. काही आठवड्यांनी ते परतले. २००५ मध्ये त्यांना ‘प्रिन्सगेमाल’, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘प्रिन्स कॉन्सॉर्ट’ म्हणतात, ते बिरुद मिळालं. २००८ मध्ये त्यांच्या मुलांना आणि पुढच्या पिढीला ‘माँपेझाचे काउंट’ करण्यात आलं, म्हणजे बापाचं नाव कुठेतरी लागलं. पण त्यांना हवं होतं ते ‘राजा’. २०१६ मध्ये कामातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते प्रिन्सगेमाल बिरुदही परत करून टाकलं.

आता कुणी म्हणेल, हा एका हट्टी माणसाचा अहंकार आहे. अहंकार असेलच. पण हाच प्रश्न त्यांच्या दीडशे वर्षं आधी विचारला होता तो खुद्द व्हिक्टोरिया राणीने. तिला १८४० च्या लग्नात अल्बर्टला राजा करायचं होतं. पंतप्रधान मेलबर्न यांनी तिला गप्प केलं, म्हणे, एकदा इंग्रज लोकांना राजे करायची सवय लावली की राजे काढायचीही लागेल. संसदेने अल्बर्टचा तनखासुद्धा मागितलेल्या पन्नास हजार पौंडांवरून तीस हजारांवर आणला. पुढे १८५६ मध्ये व्हिक्टोरियाने एक टिपण लिहिलं, त्यात तिची तक्रार अगदी रोखठोक आहे. राजाच्या बायकोला कायद्याने राज्यातला दुसरा मान मिळतो, आणि राणीच्या नवऱ्याची कायदा दखलच घेत नाही. शेवटी १८५७ मध्ये तिने स्वतःच्या अधिकारात त्याला ‘प्रिन्स कॉन्सॉर्ट’ केलं. लग्नाला तोवर सतरा वर्षं झाली होती.

मला यातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते ती अल्बर्टच्या चुलतभावाची. फर्डिनांड त्याचं नाव, घराणं तेच, सॅक्स-कोबुर्ग. त्याचं लग्न १८३६ मध्ये पोर्तुगालच्या दुसऱ्या मारिया राणीशी झालं. पोर्तुगालचा नियम असा की राणीला मूल झालं की नवरा राजा. १८३७ मध्ये मुलगा झाला आणि फर्डिनांड ‘राजा दुसरा फर्डिनांड’ म्हणून मोकळा झाला. ना आकाश कोसळलं, ना राणीचं राज्य गेलं. दोन सख्खे चुलतभाऊ, दोघांच्या बायका राण्या. एक लिस्बनला राजा, दुसरा लंडनला नऊ मुलांचा बाप होऊनही राजा नाही.

विसाव्या शतकात इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचे पती फिलिप यांचं तेच. लग्नाआधी ग्रीस आणि डेन्मार्कचं राजपुत्रपद सोडलं, एडिनबराचे ड्यूक झाले, पण ‘प्रिन्स’ हे बिरुद पुन्हा मिळायला १९५७ उजाडलं. १९५३ च्या राज्याभिषेकात बायकोपुढे गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेतली. मुलांना आपलं आडनाव लागणार नाही म्हटल्यावर ‘मी काय नुसता अमीबा आहे का’ असं ते चिडून म्हणाल्याचं सांगतात.

आणि मग कॅमिला, फिलिप यांच्या मुलाची, चार्ल्स यांची दुसरी बायको. २००५ मध्ये लग्नाच्या वेळी जाहीर केलं होतं की चार्ल्स राजा झाले तरी त्या ‘प्रिन्सेस कॉन्सॉर्ट’ म्हणवून घेतील. लोकांचा राग शमवायला काढलेली ती वाट होती. पण तेव्हाच सरकारला मान्य करावं लागलं की राजाची बायको कायद्याने आपोआप राणीच होते, ते टाळायचं तर वेगळा कायदा करावा लागेल. इथे मला गाठ सापडली. बाईला राणी व्हायचं नसेल तर कायदा करा. पुरुषाला राजा व्हायचं असेल तर कायदा करा. शेवटी २०२२ मध्ये एलिझाबेथ राणीनेच इच्छा व्यक्त केली आणि आज त्या ‘क्वीन कॅमिला’ आहेत.

आपल्या इतिहासात हा पेच फारसा पडला नाही, कारण ज्या बायकांनी राज्य चालवलं त्या बहुतेक विधवा होत्या. ताराबाई, अहिल्याबाई. नवरा हयात असताना बाईच्या हातात कारभार येण्याची वेळ क्वचितच आली, मग त्याच्या बिरुदाची चर्चा कोण करणार? हे काही आपल्या मोठेपणाचं लक्षण नव्हे.

याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर असं की राजा हा राणीपेक्षा वरचढ समजला जातो, म्हणून नवऱ्याला राजा म्हटलं की लोक त्यालाच धनी समजतील. माझी बायको हेच म्हणते. तिचं म्हणणं पुढे असंही आहे की नवऱ्यांना वर चढवण्यापेक्षा राजांच्या बायकांनाही प्रिन्सेस करा, हिशेब बरोबर. युक्तिवाद चोख आहे. पण तसं कुठे करत नाहीत ना! हिशेब चुकतो तो नेहमी बाई मुख्य असते तिथेच, आणि हेन्रिक ज्याला स्वतःचा अपमान म्हणत होते तो माझ्या मते मुळात त्यांच्या बायकोच्या पदाचा होता. तिच्या नवऱ्याला मान देऊन तिचा मान कमी होईल अशी भीती असेल, तर त्या मानाचा पाया किती भुसभुशीत समजायचा?

हेन्रिक १३ फेब्रुवारी २०१८ रोजी गेले. त्याआधी काही महिने, समाधीच्या घोषणेनंतर लगेचच, त्यांना स्मृतिभ्रंश झाल्याचं राजवाड्याने सांगितलं. त्यावर अनेकांनी सुस्कारा टाकला, म्हणजे तो हट्ट आजारातला होता तर. पण आजार २०१७ मध्ये जाहीर झाला आणि तक्रार निदान २००२ पासूनची, एवढं तरी मोजायला हवं. रॉस्किलला ते गेले नाहीत. अर्धी राख डॅनिश समुद्रात, अर्धी फ्रेडन्सबोर्गच्या राजवाड्याच्या खाजगी बागेत.

१४ जानेवारी २०२४ रोजी मार्ग्रेथे राणीने गादी सोडली. बरोबर बावन्न वर्षांनी, त्याच तारखेला. आम्ही घरी टीव्हीवर पाहत होतो. पंतप्रधानांनी क्रिस्टियान्सबोर्गच्या सज्जातून दहाव्या फ्रेडरिकची द्वाही फिरवली, आणि त्या क्षणापासून टास्मानियाच्या होबार्टमधून आलेल्या मेरी ‘हर मॅजेस्टी द क्वीन’ झाल्या. त्या बिरुदासाठी कुणी बैठक घेतली नाही, कुणी रुसलं नाही, कायद्यात काना-मात्रा बदलली नाही. मेरी मला आवडतात, भाषा तर त्यांनी अशी शिकली की आमच्या वर्गातल्या बाईंनी त्यांचंही उदाहरण द्यायला हरकत नव्हती. तरी मी बायकोला म्हटलं, बघ, सेहेचाळीस वर्षांत म्हाताऱ्याला जे मिळालं नाही ते हिला एका मिनिटात. ती म्हणाली, “तू चहा टाक.” चहा मीच टाकतो, ते बिरुद माझ्याकडे पक्कं आहे.

डेन्मार्कला आता निदान पुढची पिढी हा प्रश्न पडणार नाही, युवराज क्रिस्टियान आहे. पण बाकी युरोपात बऱ्याच ठिकाणी पुढची पिढी मुलींची आहे. नेदरलँड्समध्ये अमालिया, बेल्जियममध्ये एलिझाबेथ, स्पेनमध्ये लेओनोर, नॉर्वेत बापानंतर इंग्रिड अलेक्झांड्रा. स्पेनने तर १९८७ च्या फर्मानातच लिहून ठेवलंय की राजाची बायको राणी आणि ‘मॅजेस्टी’, राणीचा नवरा प्रिन्स आणि ‘रॉयल हायनेस’. लेओनोरचा जन्म २००५ चा. म्हणजे तिच्या नवऱ्याची पायरी ती जन्मायच्या अठरा वर्षं आधी ठरली. यांच्या आधी पाळी येईल ती स्वीडनची. तिथली युवराज्ञी व्हिक्टोरिया हिने २०१० मध्ये डॅनियलशी लग्न केलं, तो आधी व्यायामशाळा चालवायचा, लग्नानंतर प्रिन्स झाला. त्याची अजून एकही तक्रार ऐकू आलेली नाही. अर्थात व्हिक्टोरिया अजून राणी झालेली नाही.