व्हिडिओ लावला की बंद पडणारा आय७

तक्रार एका वाक्याची होती. "भाऊ, नवाच शे, मंग व्हिडिओ लावताच काबर बंद पडस?" अमळनेर तालुक्यातले एक नाना मुलीसोबत जळगावला आमच्या दुकानात कॉम्प्युटरचं कॅबिनेट घेऊन आले होते. मुलगी बीएस्सीला, शिवाय स्पर्धा परीक्षेची तयारी चालू. सेट ऑनलाइन घेतलेला, मॉनिटरसकट १८ हजारांत. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. काचेच्या बाजूतून रंगीत पंखे झगमगत होते.

वर्डमध्ये टायपिंग, सातबारा काढणं, फॉर्म भरणं सगळं नीट चालायचं. लेक्चर लावलं की दहा-पंधरा मिनिटांत खटकन अंधार. निळा स्क्रीन नाही, सूचना नाही, बटण दाबलं की पुन्हा चालू. अशी तक्रार मला आवडते, कारण दोष लोडवर, म्हणजे कामाचा ताण पडल्यावर येतोय एवढं ती आधीच सांगते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ ची रांग लागलेली होती. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढाच त्या नोंदीचा अर्थ; कारण आपल्यालाच शोधावं लागतं.

पहिलं उत्तर कॅबिनेट न उघडताच मिळालं. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट. प्रोसेसर: आय७-२६००. हा जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला. इंटेलच्या डेस्कटॉपच्या या नंबरात डॅशनंतरचे शेवटचे तीन आकडे सोडले की उरतं ती पिढी. २६०० म्हणजे दुसरी, ८५०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. डॅशनंतर तीनच आकडे असले, जसं आय७-८७०, तर पहिली. जाहिरातीत नुसतं आय७ लिहून पुढचा नंबर गाळला असेल तर तो मागून घ्यावा, आणि मिळाला नाही तर ती वस्तू सोडून द्यावी. नवीन आय३-१२१०० ला चारच कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) आहेत, आय७-२६०० लाही चारच. पण एका कोअरचं काम आय३ जवळपास दुप्पट वेगानं करतो, तेही कमी विजेत.

व्हिडिओवरच का बंद पडतो याचं उत्तरही या वयातच होतं. आज यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या प्रकारात पाठवतं. २०११ च्या ग्राफिक्सला हे दोन्ही प्रकार उलगडता येत नाहीत, म्हणून सगळं ओझं प्रोसेसरच्या कोअरवर पडतं. आठव्या पिढीचं ग्राफिक्स व्हीपी९ स्वतः सांभाळतं, बाराव्या पिढीचं एव्ही१ सुद्धा. तिथं लेक्चर चालू असताना प्रोसेसर जवळजवळ निवांत असतो.

लेक्चर लावून प्रोसेसरचं तापमान पाहिलं. काही मिनिटांतच ९० च्या वर. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरवरच्या कूलरच्या चार पिनांपैकी एक पिन मदरबोर्डात बसलेलीच नव्हती, त्यामुळे कूलर एका कोपऱ्यात उचललेला. या पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांनी जोडीनं दाबायच्या असतात, आणि बोर्डाच्या मागून पांढरी टोकं पूर्ण बाहेर आलीत का ते बघायचं असतं. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी पेस्ट पुसली, मटारच्या दाण्याएवढी नवी लावली, कूलर बसवला. तापमान सत्तरीत आलं. तरी पंधराव्या मिनिटाला मशीन बंद.

मग एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला लागते तशी करून देणारा डबा. मल्टिमीटरची काळी पिन काळ्या वायरला, लाल पिन पिवळ्या वायरला. इथं १२ व्होल्ट हवेत, आणि नियमानं ५ टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे ११.४ ते १२.६. काही न करता ११.८ दाखवत होतं. लेक्चर लावल्यावर ११.५, मग ११.३, तिथून आणखी घसरलं आणि बंद. लेबलवर ४५० वॅट छापलेलं. त्याच लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १४ ॲम्पिअर. गुणाकार केला तर १६८ वॅट, आणि प्रोसेसरची सगळी भूक याच रकान्यातून भागते. हातात घेतला तर हलका, आत फिल्टरच्या जागा रिकाम्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याच्या खोलीत कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. स्वस्त कपॅसिटर या उष्णतेत लवकर मरतात. दुकानातला चांगला एसएमपीएस लावून पाहिला, दुपारभर लेक्चर चालू ठेवलं, एकदाही बंद पडलं नाही. दोष पक्का झाला.

आता प्रश्न एवढाच की यावर पैसे घालावेत का. एसएमपीएस बदलून मशीन चाललं असतं. पण बोर्ड एच६१ चा, रॅम डीडीआर३, जी डीडीआर४ च्या नव्या बोर्डात बसत नाही. विंडोज ११ होतं, पण अट चुकवून टाकलेलं. त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची. एएमडीत साधारण रायझन २००० पासून. अट चुकवलेल्या मशीनवर वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे मागं जायलाही वाट नाही. ज्या मशीनवर बँकेचं काम आणि परीक्षेचे अर्ज होणार, ते अपडेटविना ठेवावं असं मला वाटत नाही.

नानांचा हात आखडता होता. नवा आय३-१२१०० आणि एच६१० बोर्ड हा उत्तम मार्ग, पण बजेटबाहेर. नव्यात प्रोसेसरच्या नावापुढे एफ नाही ना, हे जरूर बघावं. एफ असला तर आत ग्राफिक्स नसतं आणि वेगळं कार्ड लागतं. शेवटी ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा आय५-८५०० टॉवर ठरला. सहा कोअर, डीडीआर४, मूळ कंपनीचा वजनदार एसएमपीएस. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस जुनेच. ५१२ जीबीची एसएसडीही क्रिस्टलडिस्कइन्फो या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये निरोगी निघाली, तीच नव्यात लावली, फक्त विंडोज नव्यानं टाकलं.

ऑफिसातून निघालेला माल घेताना पहिली तपासणी बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगची. आत शिरता येतं का, पासवर्ड तर मागत नाही ना? कंपन्यांनी घातलेला पासवर्ड राहून गेला तर नंतर फार छळतो. मग विंडोजच्या रनमध्ये टीपीएम.एमएससी (tpm.msc) टाकून २.० दिसतं का ते. रॅम ८ आणि ८ अशा दोन पट्ट्यांत घ्यावी. एकाच १६ च्या पट्टीत आतल्या ग्राफिक्सला रॅमकडे जायला निम्मीच वाट मिळते. तारीख-वेळ मागं जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदलायचा. आणि गिऱ्हाइकाला एक गोष्ट आधीच सांगायची: अशा टॉवरच्या एसएमपीएसची पिन बहुतेक वेळा त्या कंपनीची वेगळी असते, बाजारातला साधा थेट बसत नाही.

या टॉवरला मागं डिस्प्लेपोर्ट होतं, एचडीएमआय नव्हतं. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआय मॉनिटरकडे जाणारी साधी केबल चालते; उलट दिशेनं तीच केबल चालत नाही. वायफायही नव्हतं, त्यासाठी यूएसबीचा छोटा तुकडा दिला.

राहिला विजेचा भाग, आणि खेड्यात निम्मं गणित इथंच असतं. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी. हा टॉवर आणि मॉनिटर त्यावर पंधरा-वीस मिनिटं निघतात, फाइल सेव्ह करून बंद करायला पुरे. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीही लावू नये. तापताना तो एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस ट्रिप होतो.

मुलीनं जाता जाता सांगितलं की जुन्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. हे अर्थिंग नसल्याचं लक्षण. एसएमपीएसमधून थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट नसते. म्हणून बसवायला गेलो तेव्हा आधी सॉकेट मोजलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२० च्या आसपास होते. फेज आणि अर्थमध्येही तेवढेच हवेत, पण आकडा ९० च्या जवळ तरंगत होता. तिसरी वायर स्विचबोर्डात कुठं जोडलेलीच नव्हती. गावातल्या वायरमनकडून घरामागं रॉड ठोकून घेतला, वायर आणली, मग फेज-अर्थ २१८ आला आणि न्यूट्रल-अर्थ २ व्होल्टच्या आत. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि रॉडभोवती पोकळी पडते, तेव्हा पाऊस पडेपर्यंत आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला नानांना सांगून आलो.