बाटलीपासून विहिरीपर्यंत: आमची वाटचाल

नाशिकच्या सातपूरला एका गाळ्याच्या माळ्यावर आमची प्रयोगशाळा सुरू झाली, तेव्हा जवळ एक इनक्युबेटर, एक टीडीएस मीटर, उसनवारीवर घेतलेला फोटोमीटर आणि माझी जुनी मोटारसायकल एवढंच होतं. त्याआधी नऊ वर्षं मी एका कारखान्यात पाणी तपासायचं काम केलं होतं. धंदा सरळ होता. लोक बाटली आणून देतील, आम्ही तपासू, आकडे लिहून देऊ. सोसायट्या, हॉटेलं, मंगल कार्यालयं, आरओवाले. पैसा थोडा, पण रोखीचा.

ती घडी मोडली पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर. मे महिन्यात तिथल्या विहिरीचा नमुना आला. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, मुळीच सापडता कामा नये, आणि त्या नमुन्यात तो नव्हता. आम्ही 'पिण्यास योग्य' असा शिक्का मारून कागद दिला. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला आणि चार दिवसांत पाड्यावर जुलाबाची साथ पसरली. एका म्हाताऱ्या आजींना झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागलं. ग्रामसेवकांचा फोन आला, "साहेब, हा कागद तुमचाच ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पोचलो. विहिरीचा कठडा एका अंगाने खचलेला. वरच्या बाजूला वीसेक पावलांवर उकिरडा, आणि तिथून थेट कठड्याच्या भगदाडापर्यंत पावसाने पाडलेली हातभर रुंद घळ. तिच्यातला शेणाचा काळा गाळ अजून ओला होता. पोहऱ्याचा दोर चिखलात पडला होता आणि माझ्यासमोर एका मुलीने तोच उचलून विहिरीत सोडला. आमचा आकडा खोटा नव्हता. पण तो मे महिन्यातल्या एका सकाळच्या एका बाटलीचा होता आणि मी त्यावर सगळ्या वर्षाची हमी देऊन बसलो होतो. आजी बऱ्या झाल्या. मला मात्र ती घळ आजही दिसते.

त्या आठवड्यात तो शिक्का कायमचा बंद केला. तेव्हापासून आमच्या अहवालावर नमुना कधी घेतला आणि त्याआधी पाऊस कधी पडला होता, हे ठळक लिहिलेलं असतं. गावाचा उद्भव, म्हणजे पाण्याची विहीर किंवा बोअर, असेल तर जागेवर गेल्याशिवाय आम्ही अहवाल देतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2004 च्या मार्गदर्शक सूचनांत 'पाणी सुरक्षा आराखडा' मांडला आहे. उगमापासून घोटापर्यंत पाणी कुठे कुठे बिघडू शकतं ते आधी शोधायचं, बिघडण्याची शक्यता आणि त्याचा परिणाम यांना गुण द्यायचे, गुणाकार करायचा आणि मोठ्या आकड्याला आधी हात घालायचा. पद्धत उत्तम आहे. पण या गुणांचा पंचवीस चौकोनांचा तक्ता ग्रामसभेत लावला की लोक नुसत्या माना डोलावतात, हे दोन-तीन गावांतच कळलं. पाण्याच्या स्रोतांच्या सर्वेक्षणामुळे लाल (धोका जास्त), पिवळं (मध्यम), हिरवं (कमी) कार्ड ग्रामपंचायतींना माहीत होतंच. आम्ही तेच रंग घेतले आणि अहवाल एका पानावर, मराठीत आणला.

आता कामाची सुरुवात शिवारफेरीने होते. सोबत जलसुरक्षक (गावच्या पाण्याची देखरेख करणारा), आशाताई आणि रोज पाणी भरणाऱ्या दोन-तीन बाया. बाया नसतील तर मी फेरी पुढे ढकलतो, कारण पाणी कधी गढूळ होतं, कधी वास येतो, कोण कुठे गोधड्या धुतं, हे त्यांनाच ठाऊक असतं. आपल्याकडचा कातळ बसाल्टचा. पाणी वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत असतं. मुरमाचा थर पातळ असला की पाणी गाळलं जायला वावच उरत नाही. शोषखड्ड्यातली घाण भेगेवाटे लांबच्या बोअरमध्ये निघू शकते. म्हणून नुसतं अंतर मोजून भागत नाही, उतार आणि कातळही पाहावा लागतो.

दिंडोरी, निफाडकडचं दुखणं वेगळं. तिथे द्राक्षबागा, ऊस, भरपूर खत. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि त्यावर मानकात सवलत नाही. एका बागायतदार काकांनी विचारलं, "उकळून प्यायलं तर चालेल ना?" उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते वाढतं. घरात बाटलीने दूध पिणारं तान्हं बाळ असेल तर हे आधी सांगावं लागतं, कारण त्याला नायट्रेट जास्त बाधतं. त्याच बागेत फवारणीच्या टाकीत बोअरची नळी बुडवून ठेवलेली होती. वीज गेली की त्या नळीतून औषध उलटं बोअरमध्ये ओढलं जाऊ शकतं. मी नळी काढून पाण्याच्या वर वीतभर टांगून दाखवली. खर्च शून्य.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक टीसीएल पावडरची, म्हणजे पाणी निर्जंतुक करायच्या ब्लीचिंग पावडरची. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण गोणी उघडी, ओलीला राहिली की तो उडून जातो. जलसुरक्षक इमानाने मोजून टाकतो, 1000 लिटरला अडीच ग्रॅम, आणि पाण्यात काहीच उतरत नाही. म्हणून आम्ही आधी गोणी कुठे ठेवली आहे ते बघतो. टाकल्यावर तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी रंगाची चाचणी) पिवळी आली पाहिजे, हे प्रत्येक ठिकाणी हाताने करून दाखवतो.

धंद्याचं म्हणाल तर या वाटेवर ओढाताण झाली. फेरीला पूर्ण दिवस जातो, बिलं मार्चपर्यंत लटकतात. एका ठेकेदाराने लाल शेरा हिरवा करून मागितला. नाही म्हटल्यावर वर्षभराचं काम गेलं आणि त्या दिवाळीत प्रयोगशाळेतल्या दोन मुलांना पगार दोन हप्त्यांत द्यावा लागला. दोघंही टिकले, याचं मला फार मोल आहे. पुढे पंधराव्या वित्त आयोगाच्या 60 टक्के बंधित (ठरलेल्या कामांवरच खर्चायच्या) निधीतला निम्मा पाण्यासाठी ठरला, तेव्हा काही ग्रामपंचायतींना आमचं बिल देणं सोपं झालं.

पेठच्या त्या पाड्यावर कठडा बांधून झाला, उकिरडा खालच्या अंगाला गेला. विहिरीत दोर सोडणारी ती मुलगी आता तिथल्या पाण्याची तपासणी किटने करते. पहिला पाऊस पडला की तिचा फोन येतो, "दादा, गढूळ आलंय, टीसीएल वाढवू का?" यंदा तिच्या आजूबाजूचे अकरा उद्भव आमच्याकडे आहेत. सात पाहून झाले. उरलेले चार मृग लागायच्या आत उरकायचे आहेत.