वास येत नाही, मग गाडी का अडवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "मिस्त्री, सीएनजीचा वास येत नाही न्हवं, मग गळती तपासायला अर्धा तास गाडी कशाला अडवता?" गिऱ्हाईक निपाणीचं असो की खानापूरचं, सवाल एकच.

या गॅसला मुळात वास नाही, तो घातलेला असतो. हवेत साधारण 1 टक्का गॅस झाला की नाकाला कळावं असा हिशोब. पेट घेतो तो 5 टक्क्यांपासून. हिशोब चोख, पण नाक डिकीत कुठं असतं? तिथं सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर पिशवी चढवलेली असते. गळलेला गॅस तिच्या नळीतून गाडीखाली बाहेर जातो. म्हणजे व्हॉल्व्ह गळतोय आणि आत वास नाही, असं होऊ शकतं. पावसाळ्यात त्या नळीचं तोंड तांबड्या चिखलानं बुजलं की गॅसला वाट उरत नाही. पिशवीची क्लिप सैल असेल तिथून तो डिकीत शिरतो. म्हणून आधी नळीचं तोंड बघायचं, तिथं गॅस ओळखणारा डिटेक्टर धरायचा, मगच पिशवी सोडायची.

हे सगळं उघड्यावर, किल्ली बंद, मोबाईल लांब. पत्र्याखाली नको, गॅस हवेहून हलका, वर साचतो. एलपीजीची सवय असलेले खाली शोधत बसतात. टाकी भरलेली हवी, दाब 200 बारच्या आसपास. 50 बारला गप्प बसलेला जोड तिथं बोलतो. जोडांवर लावायच्या साबणपाण्यात अमोनिया नको, पितळेला तडे जातात. लावून मिनिटभर थांबायचं, कारण बारीक गळतीचा फुगा होत नाही, पांढरा फेस हळूहळू चढतो.

किल्ली बंद असताना सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, मिटलेला असतो. त्यापुढचे रबरी पाइप आणि इंजेक्टर मात्र, त्याच्या अलीकडच्या दाबाच्या भागात गळती नाही हे कळल्यावरच, इंजिन गॅसवर चालवून तपासायचे. पूर्वी मी अर्ध्यावरच 'ठीक आहे' म्हणायचो. घाई तुमची होती की माझी, ते जाऊ दे.

"3 वर्षांची हायड्रो टेस्ट झालीय की!" झाली असेल. पाण्याच्या दाबाची ती चाचणी सिलिंडरची, जोडांची नव्हे.

गळती सापडली तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह हातानं बंद, इंजिन सुरू करायचं नाही, लाइनचा दाब शून्यावर आल्यावरच पाना. दाब असताना नट आवळणं म्हणजे पाइप निसटण्याची सोय. फेरूलवर, म्हणजे जोडातल्या धातूच्या कडीवर, टेफ्लॉन गुंडाळू नका. तिथं धातूवर धातू बसतो.

पण गळती व्हॉल्व्हच्या बुडाशीच असेल, तर मागं बंद करायला काही नाही. गाडी ढकलून मोकळ्यावर न्यायची आणि लोकांना लांब ठेवून गॅस संपायची वाट बघायची.