एकशेतीन जीबीचा ताळा

शनिवार, रात्र

घरच्या डेस्कटॉपवर लिनक्स आहे. ५०० जीबीची एसएसडी, तिच्यावर ईएक्सटी४ या फाइलसिस्टीमचं (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीचं) एकच पार्टिशन. आज नवीन व्हर्च्युअल मशीन तयार करायला घेतलं तर जागा पुरणार नाही असा निरोप आला. एरवी मी डाउनलोडचं फोल्डर उघडून नकोसं वाटेल ते पुसत सुटतो. या वेळी ठरवलंय की आधी पूर्ण हिशेब लागू दे, तोवर एकही फाइल पुसायची नाही.

डीएफ (डिस्कची वापरलेली आणि शिल्लक जागा सांगणारी कमांड) म्हणतं: एकूण ४५७ जीबी, वापरलेले ४२१, शिल्लक १३. इथेच पहिली बेरीज अडते. ४२१ आणि १३ मिळून ४३४ होतात, मग २३ कुठे गेले? ईएक्सटी४ बनवताना ५ टक्के ब्लॉक (जागेचे तुकडे) रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी युजरसाठी, राखून ठेवले जातात, ते हे. ही एसएसडी १०२४च्या पटीत मोजली की ५०० नव्हे, ४६५ जीबी भरते, आणि तिचे ५ टक्के म्हणजे २३. ४६५ आणि ४५७ यांच्या मधले आठेक जीबी आयनोडचे (प्रत्येक फाइलच्या नोंदीचे) तक्ते, जर्नल (बदलांची वही) अशा फाइलसिस्टीमच्या स्वतःच्या संसाराला लागतात. राखीव वाटा ट्यूनटूएफएस कमांडने कमी करता येतो. नुसता डेटा ठेवायच्या डिस्कवर मी तो १ टक्क्यावर आणतो. सिस्टीमच्या पार्टिशनवर मात्र हात लावणार नाही, कारण डिस्क गच्च भरली तरी रूटला आत शिरून साफसफाई करता यावी, एवढ्यासाठीच तो असतो.

मग डीयू, म्हणजे फोल्डरांतून फिरून फाइलींनी घेतलेली जागा मोजणारी कमांड. साध्या युजरने चालवलं तर २९० आणि सोबत परवानगी नाकारल्याच्या ओळीच ओळी. सुडो लावून (रूटचे अधिकार घेऊन) आणि दुसऱ्या माउंटमध्ये (एखाद्या फोल्डरवर जोडलेल्या दुसऱ्या डिस्कमध्ये) शिरू नये म्हणून ‘-एक्स’ देऊन चालवलं तर ३१८. म्हणजे ४२१ वजा ३१८. तूट १०३ जीबीची.

रविवार, सकाळ

झोपेतही १०३ डोक्यात होतं. उठल्यावर क्यूडिरस्टॅट लावलं. रंगीत चौकोनांचा नकाशा मला फार आवडतो: जेवढी मोठी फाइल तेवढा मोठा चौकोन. ही ट्रीमॅपची कल्पना १९९०मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या बेन श्नायडरमन यांना सुचली तीही आपल्यासारख्याच अडचणीतून. प्रयोगशाळेतली ८० मेगाबाइटची डिस्क १४ जण मिळून वापरत होते, ती सारखी भरायची, आणि जागा कोण खातंय ते एका नजरेत दिसायला हवं होतं.

पण नकाशाची बेरीजही ३१८च. तसंच व्हायला हवं होतं. डीएफ फाइलसिस्टीमच्या वहीतली बाकी वाचतं. डीयू, एनसीडीयू, क्यूडिरस्टॅट ही सगळी मंडळी घरोघर फिरून डोकी मोजतात. ज्या फाइलला नावच उरलं नाही, किंवा जिच्या दारापर्यंत वाट जात नाही, ती त्यांच्या मोजणीत येत नाही. तेव्हा १०३मध्ये या दोनच जाती असणार, असं धरून पुढे निघालो.

रविवार, दुपार

पहिली जात सापडली. एलसॉफ या उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या कमांडला ‘+एल१’ दिलं की ज्यांची लिंक-संख्या (फाइलला असलेल्या नावांची संख्या) शून्यावर आली आहे पण ज्या अजून कुणीतरी उघड्या धरून ठेवल्या आहेत अशाच फाइली दाखवतं. यादीत पाच-सहा किरकोळ ओळी आणि एक ३८ जीबीची, पुढे ‘डिलीटेड’.

ती माझ्याच स्क्रिप्टची लॉग फाइल. सेन्सरच्या नोंदी घेणारी ही सर्व्हिस मी डीबगच्या पातळीवर चालवत होतो. मागे कधीतरी लॉग फुगलेला दिसला म्हणून आरएम कमांडने पुसला, पण सर्व्हिस चालूच राहिली. युनिक्सच्या घराण्यात आरएम फक्त नाव खोडतं. आयनोड आणि त्याचे ब्लॉक सुटतात ते शेवटची लिंकही गेली आणि शेवटच्या प्रोसेसनेही फाइल सोडली की. तोवर ती प्रोसेस त्या निनावी फाइलमध्ये निवांत लिहीत राहते, आणि इथे ती तशीच लिहीत राहिली होती. सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि डीएफ ४२१वरून ३८३वर आलं. चालू लॉग रिकामा करायचा असेल तर पुसू नका, ट्रंकेट करून शून्यावर आणा. जागा लगेच मोकळी होते. स्क्रिप्टचा लॉग आता लॉगरोटेटकडे (जुने लॉग वेळोवेळी बाजूला काढून पुसणाऱ्या प्रोग्रामकडे) सोपवलाय.

उरले ६५.

रविवार, रात्र

दुसऱ्या जातीने मात्र मला हादरवलं.

एखाद्या फोल्डरवर डिस्क माउंट केली की त्या फोल्डरात आधीपासून असलेलं सगळं झाकलं जातं. ते पुसलं जात नाही, जागाही धरून बसतं, फक्त दिसत नाही. त्याच्याखाली डोकावायचं तर रूट फाइलसिस्टीमच दुसऱ्या एका रिकाम्या फोल्डरवर बाइंड माउंट करायची, म्हणजे तीच दुसऱ्या वाटेनेही दिसेल अशी जोडायची. साधं ‘--बाइंड’ द्यायचं, ‘--आरबाइंड’ नाही, म्हणजे वरच्या डिस्का सोबत येत नाहीत आणि खालची जमीन उघडी पडते. तिथे एनसीडीयू चालवलं. टेंपच्या फोल्डरखाली दीड जीबी, तो टीएमपीएफएसवर (रॅममधल्या फाइलसिस्टीमवर) नेण्याआधीचा कचरा. आणि बॅकअपच्या फोल्डरखाली साडेत्रेसष्ट.

बॅकअपची बाहेरची डिस्क त्या फोल्डरवर माउंट होते. केबल सैल होती त्या काळात ती माउंटच झाली नव्हती. रोज रात्रीचा आरसिंक (फाइलींची नक्कल करणारा प्रोग्राम) मात्र चालला, समोर दिसलेल्या साध्या फोल्डरात फाइली ओतत राहिला आणि रोज ‘यशस्वी’ असं कळवत राहिला. तारखा पाहिल्या: सलग एकोणीस रात्री. म्हणजे एकोणीस दिवस माझा बॅकअप मूळ फाइलींच्या शेजारीच, त्याच एसएसडीवर होता. ती एसएसडी त्या दिवसांत गेली असती तर दोन्ही गेलं असतं. जागेचा प्रश्न मला तिथेच दुय्यम वाटू लागला.

घाईने पुसलं नाही. बाहेरची डिस्क लावून त्या साडेत्रेसष्टची तिच्याशी तुलना केली, आरसिंक ‘ड्राय रन’मध्ये (काही न बदलता, नुसतं दाखवायला लावून) आणि चेकसमसकट (आतला मजकूर पडताळत). अकरा फाइली अशा निघाल्या ज्या फक्त या झाकलेल्या फोल्डरातच होत्या, कारण मूळ जागेवरून मी त्या नंतर काढल्या होत्या. त्यांत एका जुन्या प्रोजेक्टच्या नोंदी होत्या. त्या आधी वाचवल्या, मग बाकीचं पुसलं.

३८ अधिक ६३.५ अधिक १.५. एकशेतीन. डीएफ आणि डीयू दोन्हीकडे ३१८. हा आकडा दोन खिडक्यांत शेजारी शेजारी पाहिल्यावर खरंच समाधान वाटलं.

सोमवार

आता उघड दिसणाऱ्या ३१८कडे वळलो. हे काम सोपं. सगळ्यात मोठा चौकोन एका व्हर्च्युअल मशीनच्या क्यूकाउटू फाइलचा (त्या मशीनची अख्खी डिस्क जिच्यात असते ती): ७१ जीबी. आत जाऊन पाहिलं तर तिथलं डीएफ २४ म्हणतंय. आत फाइली पुसल्या तरी बाहेरची फाइल आपोआप आकसत नाही. डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्डला ‘अनमॅप’ केलं, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, आत एफएसट्रिम (मोकळी झालेली जागा बाहेर कळवणारी कमांड) चालवलं; फाइल २५वर आली. सिस्टमडीचं जर्नल (सिस्टीमचा स्वतःचा लॉग) ४ जीबीचं होतं, डिफॉल्ट मर्यादाच तेवढी. ते ५०० एमबीवर बांधलं.

डीएफ: वापरलेले २६९, शिल्लक १६५.

बुधवार

बॅकअपचं भोक बुजवल्याशिवाय ही नोंद बंद करायची नव्हती. दोन गोष्टी केल्या. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट’ची तपासणी घातली: डिस्क लागलेली नसेल तर तिथेच थांबायचं आणि मला मेल पाठवायचा. शिवाय डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर कमांडने ‘+आय’ (बदल-बंदीची खूण) लावलं. आता त्या नुसत्या फोल्डरात रूटलाही फाइल बनवता येत नाही, पण वर डिस्क माउंट व्हायला कसलीच आडकाठी नाही.

मग केबल मुद्दाम काढली आणि स्क्रिप्ट चालवली: थांबली, मेल आला. तपासणीची ओळ तात्पुरती काढून पुन्हा चालवली. आरसिंकने पहिल्याच फाइलला ‘परवानगी नाही’ म्हणून चूक दाखवली आणि फोल्डर रिकामंच राहिलं. ओळ परत घातली, केबल घट्ट बसवली, डिस्क माउंट केली आणि एकोणीस रात्रींची थकबाकी बाहेरच्या डिस्कवर उतरवली.